अर्धा तो, की पूर्ण दुसरा?

येत्या रविवारी आमच्या फुटबॉल क्लबचा उपांत्य फेरीचा परतीचा सामना आहे. पहिला १-१ असा सुटला, त्यामुळे सगळं आता या नव्वद मिनिटांवर आलं आहे. आणि नेमकी याच वेळी आमच्या संघात दुखापतींची रांग लागली आहे. डावा बॅक घोटा मुरगळून महिनाभर बाहेर आहे. एका सेंटर बॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, त्याचा मोसम संपलाच. आणि ज्याच्या गोलांवर आम्ही इथवर आलो त्या सेंटर फॉरवर्डचं हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, चार आठवड्यांपूर्वी फाटला. तो आता कुठे एकटा एकटा पळायला लागला आहे. क्लबचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दर मोसमात कुठल्या ना कुठल्या क्लबच्या चाहत्यांवर ही पाळी येते आणि वाद शब्दशः हाच होतो: त्याला उतरवायचं का?

गेला आठवडाभर हा वाद ऐकतो आहे आणि दोन्ही बाजू मला पटत नाहीत. एक बाजू म्हणते, ज्याला जर्सीची किंमत आहे तो पाय ओढत का होईना मैदानात येतो. इंजेक्शन द्या आणि उतरवा. दुसरी म्हणते, डॉक्टर नको म्हणाले ना, मग विषय संपला. पहिल्या बाजूने सगळा प्रश्न हिमतीचा करून टाकला आहे. दुसरीने तो डॉक्टरांच्या गळ्यात घालून आपली सुटका करून घेतली आहे. फुटबॉलबद्दल कोणीच बोलत नाही. माझं मत सरळ सांगतो. त्याला उतरवू नये. पहिल्या अकरांत नको आणि शेवटच्या वीस मिनिटांसाठीही नको. त्याच्या भवितव्याची मला काळजी आहेच, पण आधी हे सांगायचं आहे की रविवारचा सामना जिंकण्यासाठीच तो बाहेर बसलेला बरा.

समोरच्या बाजूचं म्हणणं हलकं नाही, हे आधी मान्य करतो. हुकमी खेळाडू गेल्यावर संघ कसा कोसळतो हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. २०१४ च्या विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध नेमारच्या मणक्याचं हाड मोडलं आणि पुढच्याच सामन्यात ब्राझीलने आपल्या घरी जर्मनीकडून सात गोल खाल्ले. २०२४ च्या सप्टेंबरात मिडफिल्डर रॉड्रीचा गुडघा गेला, आणि त्याच शरद ऋतूत त्याचा मँचेस्टर सिटीसारखा संघ ओळीने पाच सामने हरला. शिवाय जखमी खेळाडूने सामना काढून दिल्याच्या कथा खोट्या नाहीत. १९५६ च्या एफए कप अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमान मानेचा मणका मोडलेल्या अवस्थेत शेवटची सतरा मिनिटं गोलमध्ये उभा राहिला आणि सिटी ३-१ ने जिंकली. आपल्याकडे तर हे सांगायला फुटबॉलपर्यंत जायचीही गरज नाही. २००२ साली अँटिगाच्या कसोटीत अनिल कुंबळे मोडलेल्या जबड्याला पट्टी बांधून उतरला, सलग चौदा षटकं टाकली आणि ब्रायन लाराला पायचीत केलं. ते दृश्य आठवलं की आजही छाती भरून येते. मग आमच्या फॉरवर्डने का उतरू नये?

या दाखल्यांकडे नीट पाहिलं तर ते आमच्या रविवारला लागू पडत नाहीत. ट्राउटमानला बदलायची सोयच नव्हती. त्या काळात बदली खेळाडू हा प्रकार इंग्लिश फुटबॉलमध्ये नव्हता. तो बाहेर गेला असता तर सिटीला दहा जणांनी खेळावं लागलं असतं आणि मैदानातल्याच कोणाला तरी गोलमध्ये उभं करावं लागलं असतं. आणि मान मोडली आहे हे त्याला त्या क्षणी ठाऊकही नव्हतं, ते नंतरच्या तपासणीत कळलं. कुंबळेचा जबडा मोडला होता, पण गोलंदाजीला लागणारे पाय, खांदा, मनगट शाबूत होते. आमच्या फॉरवर्डची दुखापत नेमकी त्या जागी आहे जिच्यावर त्याचा सगळा खेळ उभा आहे. वेगात पळताना पाय पुढे फेकला जातो आणि टाच टेकण्याच्या जरा आधी हॅमस्ट्रिंग पूर्ण ताणलेलं असतं. त्याच क्षणी त्याला पायाचा वेग आवरायचा असतो. बहुतेकदा स्नायू फाटतो तो तिथेच. बचावफळीच्या पाठीमागे अचानक धाव घेणं हे ज्याचं हत्यार, त्याला अशा पायाने पाठवायचं म्हणजे म्यान देऊन तलवार घरी ठेवायची.

नेमार आणि रॉड्रीच्या उदाहरणांतून एवढंच सिद्ध होतं की मोठा खेळाडू नसला की नुकसान होतं. ते कोण नाकारतं? पण रविवारी आमच्या प्रशिक्षकापुढे 'तो असावा की नसावा' हा पर्याय आहे का? तो पर्याय चार आठवड्यांपूर्वी त्या एका धावेत संपला. आता निवड आहे ती अर्धा तो आणि पूर्ण दुसरा यांच्यातली. चाहत्यांच्या मनात मात्र तुलना चालते ती पूर्ण तो आणि दुसरा यांची. त्याचे डोक्यात साठलेले गोल आपण आजच्या त्याच्या पायांना चिकटवतो आणि बाकावरच्या बिचाऱ्या पोराला त्या आठवणीशी झुंजायला लावतो.

या एका मुद्द्यासाठी इतिहासाने जणू प्रयोगच करून ठेवला आहे, तोही एकाच माणसावर. १९६२ च्या चिलीतल्या विश्वचषकात दुसऱ्याच सामन्यात, चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध, पेले जायबंदी झाला. एकवीस वर्षांचा, जगातला सर्वोत्तम खेळाडू. त्याच्या जागी आलेल्या आमारिल्दोने स्पेनविरुद्ध संघ ०-१ ने मागे असताना शेवटच्या वीसेक मिनिटांत दोन गोल केले. मग गारिंचाने स्पर्धाच हातात घेतली: इंग्लंडविरुद्ध दोन, चिलीविरुद्ध दोन. अंतिम सामन्यात ब्राझील ३-१ ने जिंकला आणि ब्राझीलचा पहिला गोल पुन्हा आमारिल्दोचा होता. पेलेविना ब्राझील विश्वविजेता झाला. चार वर्षांनी इंग्लंडमध्ये बल्गेरियाच्या खेळाडूंनी पहिल्याच सामन्यात पेलेला तुडवला. हंगेरीविरुद्ध तो बाहेर बसला, ब्राझील १-३ ने हरला. झालं, घबराट उडाली. पोर्तुगालविरुद्ध पुरता बरा न झालेल्या पेलेला उतरवलं, तिथे त्याला पुन्हा पाडलं, आणि बदलीची सोय नसल्यामुळे तो उरलेला सामना लंगडत राहिला. ब्राझील पुन्हा १-३ ने हरून गटातच बाद. १९६६ चा तो संघ एकूणच विस्कटलेला होता, सगळा दोष त्या निर्णयावर टाकणं अन्यायाचं होईल. पण १९६२ मध्ये पेले नाही हे एकदा ठरल्यावर बाकीच्यांना आपापलं काम कळलं. १९६६ मध्ये संघ त्याची वाट पाहत बसला.

हे फक्त जुन्या काळातलं आहे का? २००२ मध्ये विश्वविजेता फ्रान्स पहिले दोन सामने झिदानविना खेळला, एकही गोल झाला नाही. तिसऱ्या सामन्यात डेन्मार्कविरुद्ध मांडीला जाड पट्टी गुंडाळून झिदान उतरला. ०-२. फ्रान्स एकही गोल न करता घरी गेला. २०१४ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात आतलेतिको माद्रिदने दिएगो कोस्टाला खेळवलं; आठवडाभरापूर्वीच बार्सिलोनात त्याचं हॅमस्ट्रिंग दुखावलं होतं, म्हणजे आमच्या फॉरवर्डचीच दुखापत. नवव्या मिनिटाला तो बाहेर आला. त्याच्या जागी आलेला आद्रियान काही ऐरागैरा नव्हता, उपांत्य सामन्यात चेल्सीच्या मैदानावर त्यानेच गोल केला होता. आतलेतिको त्र्याण्णवाव्या मिनिटापर्यंत १-० ने पुढे होता. मग रेआल माद्रिदच्या रामोसचा बरोबरीचा हेडर आला, जादा वेळ आला, आणि दमलेल्या पायांना तिथे ताज्या दमाची गरज होती. त्या वेळी तीनच बदल करता येत, आणि त्यातला एक नवव्या मिनिटाला वाया गेला होता. सामना ४-१ ने गेला. चूक आपली, हे आतलेतिकोचा प्रशिक्षक सिमेओनेने पुढे स्वतः मान्य केलं.

टॉटनमची २०१९ ची गोष्ट मला याहून जास्त लागते. आयाक्सविरुद्धच्या उपांत्य फेरीत हॅरी केन घोट्याच्या दुखापतीने बाहेर होता. अ‍ॅमस्टरडॅममध्ये मध्यंतराला एकूण ०-३ ची पिछाडी, आणि लुकास मौराने तीन गोल मारून, शेवटचा तर शहाण्णवाव्या मिनिटाला मारून, संघाला अंतिम फेरीत नेलं. अंतिम सामन्यात त्याच मौराला बाकावर बसवलं आणि एप्रिलपासून एकही सामना न खेळलेला केन पहिल्या अकरांत आला. टॉटनम ०-२ ने हरला. खरं सांगायचं तर समोर लिव्हरपूलनेही दुखापतीतून नुकताच परतलेला फिर्मिनो खेळवला होता आणि ते जिंकले, तेव्हा या एका सामन्यावरून निकाल देता येत नाही. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. फिर्मिनोला तासाभरात बाहेर काढून ओरिगीला आणलं आणि दुसरा गोल ओरिगीने केला. तोच ओरिगी, ज्याने बार्सिलोनाविरुद्धच्या उपांत्य फेरीत सालाह आणि फिर्मिनो दोघेही नसताना दोन गोल केले होते. पहिल्या सामन्यातली ०-३ पिछाडी लिव्हरपूलने त्या रात्री ४-० ने धुऊन काढली. उरलेले दोन गोल वाईनाल्डमचे, आणि तो तर मध्यंतराला रॉबर्टसन जायबंदी झाला म्हणून मैदानात आला होता.

आता मैदानावरचं गणित. आमचा प्रतिस्पर्धी मागून छोटे पास देत चेंडू वर आणतो, आणि पहिल्या सामन्यात आम्ही बरोबरी मिळवली ती त्यांना त्यांच्याच अर्ध्यात कोंडून. प्रेसिंग, म्हणजे चेंडू समोरच्यांकडे असताना त्यांच्यावर धावून जाऊन दबाव आणणं, ही साखळी असते आणि तिची पहिली कडी सेंटर फॉरवर्ड. तो सेंटर बॅकवर धावून जातो तो चेंडू हिसकावायला नव्हे, तर पास एका ठरावीक बाजूला ढकलायला. तो तिरका धावला की विंगरला, म्हणजे कडेच्या आक्रमकाला, कळतं आपण कुठे पोचायचं, विंगर हलला की मागचा मिडफिल्डर सरकतो, त्याच्यामागे बॅक वर येतो. हा पहिला माणूस अर्ध्या पावलाने उशिरा पोचला तर काय होतं? सेंटर बॅकला मान वर करून पाहायला वेळ मिळतो आणि एका पासमध्ये आमचे चार खेळाडू चेंडूच्या चुकीच्या बाजूला राहतात. मग मिडफिल्ड घाबरून मागे सरकतं, मधे मोकळं मैदान तयार होतं, आणि ते भरायला दोन जणांना तिघांचं पळावं लागतं. गोल खाल्ला की शिव्या बचावफळीला पडतात. ज्या अर्ध्या पावलाने सगळं सुरू झालं ते टीव्हीच्या रिप्लेत कुठेच दिसत नाही. त्यातून आमचा बचाव आधीच मोडका आहे. डावीकडे राखीव बॅक, मध्ये फारशी सवय नसलेली जोडी. ज्या बचावफळीला पुढून सर्वाधिक आधार हवा, तिच्याच पुढे आम्ही अर्धा माणूस उभा करणार का?

यावर सगळ्यात दमदार उत्तर असं येतं की आता तीन नव्हे, पाच बदल मिळतात. सुरुवातीला नको, पण सत्तराव्या मिनिटाला गोल हवा असेल तर बाकावर तो असू द्या. त्याचं नाव यादीत दिसलं तरी प्रतिस्पर्ध्याचे सेंटर बॅक दोन पावलं मागे राहतील. हा युक्तिवाद मला बराच वेळ पटला होता, कबूल करतो. पण पाच बदल तीनच थांब्यांत करावे लागतात, मध्यंतर सोडून. सत्तराव्या मिनिटाला तो आला आणि पंचाहत्तराव्याला मांडी धरून खाली बसला, तर एक बदल गेला, एक थांबा गेला, आणि ते संपले असतील तर पुढे दहा जणांनी खेळायचं. शिवाय शेवटच्या वीस मिनिटांत फॉरवर्डकडून आपल्याला हवं असतं तरी काय? थकलेल्या बचावामागे पूर्ण वेगाने मारलेली धाव. म्हणजे नेमकी तीच गोष्ट जी हे हॅमस्ट्रिंग अजून पेलू शकत नाही. सरळ रेषेत हलकं पळणं, मग वेगात पळणं, मग दिशा बदलत पळणं, मग संघाबरोबर पूर्ण सराव आणि त्यानंतर सामना अशा पायऱ्या असतात. तो दुसऱ्या पायरीवर आहे. स्कॅनमध्ये स्नायू जुळलेला दिसला म्हणून मधल्या पायऱ्या गाळता येत नाहीत. आणि प्रतिस्पर्ध्याच्या धाकाचं म्हणाल तर तो पहिल्या धावेपर्यंत टिकतो. जातिवंत सेंटर बॅक एका धावेत ओळखतो की समोरचा पाय राखून पळतो आहे.

'पण त्याला स्वतःला खेळायचं आहे ना?' हेही सारखं ऐकू येतं. असेलच. कुठल्या खऱ्या खेळाडूला अशा सामन्यात बाहेर बसायचं असतं? म्हणून तर हा निर्णय त्याच्यावर सोडणं क्रूरपणाचं आहे. २०१४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात जर्मनीच्या क्रामरला डोक्याला मार लागला आणि पुढे त्यानेच पंचांना विचारलं की हा अंतिम सामनाच आहे ना. तरीही तो त्याआधी काही मिनिटं खेळत राहिला होता. डोक्याची आणि मांडीची दुखापत वेगळी, मान्य. पण खेळण्याची ओढ दोन्हीकडे सारखीच असते. हजारो लोक नाव घेऊन ओरडत असताना 'माझा पाय तयार नाही' म्हणणं ही अपेक्षा आपण त्या मुलाकडून करायची, आणि तो नाही म्हणाला तर त्याच्या निष्ठेवर शंका घ्यायची? गेल्या आठवड्यात हे शब्द मी चांगल्या, जाणत्या चाहत्यांच्या तोंडून ऐकले आणि मला फार वाईट वाटलं.

या निष्ठेची किंमत कोणी मोजली तेही पाहा. ब्राझीलचा रोनाल्डो गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर एप्रिल २००० मध्ये लाझिओविरुद्ध कोपा इतालियाच्या अंतिम सामन्यात बदली म्हणून उतरला आणि काही मिनिटांतच तोच गुडघा पुन्हा गेला. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष गेलं. घाई न करता परतलेल्या त्याच रोनाल्डोने २००२ च्या विश्वचषकात आठ गोल केले. मार्को व्हॅन बास्टेन तितका नशीबवान नव्हता. घोट्याच्या शस्त्रक्रियांनंतर तो मे १९९३ मध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळला, मिलान ०-१ ने हरला, आणि अठ्ठावीस वर्षांचा तो माणूस पुन्हा कधीही अधिकृत सामना खेळला नाही. बातिस्तुताने तर निवृत्तीनंतर घोट्यांच्या वेदनांनी हैराण होऊन डॉक्टरांना पाय कापून टाका म्हणून विनवलं होतं. हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे.

एवढ्या दुखापती होतातच का, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. चॅम्पियन्स लीगमध्ये २०२४ पासून सहाऐवजी आठ साखळी सामने झाले, क्लब विश्वचषक बत्तीस संघांचा झाला, विश्वचषक अठ्ठेचाळीस संघांचा. खेळाडू संपाच्या जवळ आले आहेत असं रॉड्री म्हणाला आणि त्यानंतर आठवडाभरातच त्याचा गुडघा गेला. त्या भांडणात मी खेळाडूंच्याच बाजूने आहे. पण वेळापत्रकाला शिव्या देणारा चाहताच रविवारी जखमी खेळाडूला मैदानात बोलावणार असेल, तर त्याची तक्रार फुटबॉल मंडळांनी का ऐकावी?

मग रविवारी कोण? मला वाटतं, पुढे तो एकोणीस वर्षांचा पोरसवदा उजवा विंगर मधोमध यावा. गोलसमोर तो अजून कच्चा आहे, हवेतल्या चेंडूत तो कमी पडेल, आणि मोठ्या सामन्याचं दडपण त्याला येईल हेही खरं. पण तो नव्वद मिनिटं धावेल, प्रेसिंगची पहिली कडी शाबूत राहील. त्याच्या मागे दोन मिडफिल्डरनी पेनल्टी बॉक्समध्ये उशिरा धाव घ्यायची. कॉर्नर आणि फ्री किक आमच्यासाठी सोन्याच्या. उरलेला अनुभवी सेंटर बॅक प्रत्येक कॉर्नरला वर आलाच पाहिजे. डावीकडच्या राखीव बॅकला एकटा सोडायचा नाही, त्या बाजूच्या विंगरने आपला हल्ल्याचा मोह थोडा आवरावा. सामना बहुधा एका गोलाचा होईल आणि तो कदाचित जादा वेळेत येईल. म्हणून शेवटचे दोन बदल शंभराव्या मिनिटापर्यंत राखून ठेवावेत.

सत्तरावं मिनिट उलटेल, फलक ०-० असेल, आणि स्टँडमधून त्याचं नाव घुमायला लागेल. तेव्हा प्रशिक्षकाने मागे वळून पाहिलं तर तो बाकावर नसावाच. वर स्टँडमध्ये, साध्या कपड्यांत, आमच्यातच बसलेला असावा आणि त्या एकोणीस वर्षांच्या पोराचं नाव घेऊन आमच्याबरोबर ओरडत असावा.